टक की ठक

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गाडी आली. कवठे महांकाळहून टेम्पोवर दोरखंडांनी बांधून आणली, आणि उतरवताना गल्लीतली निम्मी माणसं मदतीला आणि उरलेली निम्मी बघायला बाहेर आली. समोरच्या रेश्मानं विचारलं, "काकू, ही चालते?" मी म्हटलं, "चालेल." तिनं पुढं काही विचारलं नाही, ते तिचं सौजन्य.

१९६१ ची फियाट. लोक हिला डुक्कर फियाट म्हणतात. पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. एका बागाईतदाराच्या गोठ्यात वीस वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबडीची पिसं आहेत, आणि काचेवर कुणीतरी बोटानं 'जय जिनेंद्र' लिहून ठेवलंय, तेही उलटं, म्हणजे आत बसून लिहिलेलं.

आर्जवचा पुण्याहून फोन आला. "आई, तू बरी आहेस ना?" सहासष्टाव्या वर्षी विधवा आईनं जुनी गाडी घेतली की मुलगा आधी तब्येत विचारतो. मी म्हटलं, बरी आहे. मग तो म्हणाला, तशीच हवी होती तर चांगली चालणारी शोधून दिली असती.

त्याला खरं सांगितलं नाही. इथं लिहिते. मला गाडी नकोच आहे. मला तिचा आवाज हवाय.

माझ्या वडिलांची, आण्णांची, अशीच होती. ते वकील. तासगाव, विटा, कधी थेट साताऱ्याचं कोर्ट. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर घास नाही. त्यामुळं संध्याकाळी अव्वा, माझी आई, पानं मांडून दाराकडं कान लावून बसायची. गाडी टिळक चौकातून आत वळली की खणभागातल्या आमच्या घरात आवाज यायचा, आणि अव्वा लगेच वाढायला घ्यायची. कधी आवाज यायच्या आधी सूर्य गेला तर आण्णा उपाशी झोपायचे, आणि अव्वाही.

ही ती गाडी नव्हे. ती १९७८ साली गेली. पण इंजिन तेच, साल जवळचं. आवाजही तोच असायला हवा.

१४ नोव्हेंबर

तीन मेकॅनिकांनी नाही म्हटलं. एकानं बॉनेट उघडून, फोटो काढून, परत लावलं. चौथ्यानं पत्ता दिला: कुपवाड, नानासो जाधवांची शेड. "आता ते काम घेत नाहीत, पण ह्या गाड्यांचे देव आहेत."

गेले. मोठ्या शेडचा बराचसा भाग लेथवाल्यांना दिलेला, कोपऱ्यात एका बाकड्यावर नानासो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताठ, हात अजून काळे. लेथच्या आवाजात मला अक्षरशः ओरडावं लागलं. मगदूम वकिलांची मुलगी म्हटल्यावर मात्र उठून उभे राहिले.

"भूपाल मगदूम? उलट्या दाराची फियाट! आवं बाई, मी चौकातल्या गॅरेजात कामाला हुतो. वकीलसाहेबांची गाडी चौकात आली की मी हातातलं पान्हं खाली न ठेवता सांगायचो, साहेब आलं म्हनून."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. तो आवाज आठवणारं जगात माझ्याखेरीज आणखी एक माणूस आहे.

त्यांची बायको बयाबाई डबा घेऊन आली होती. माझं काम ऐकताच तिनं त्यांच्या बाहीला धरलं. "आवं, नका घिऊ. आता सोडलंय न्हवं?" त्यांनी हात झटकला. मला तिचा रागच आला. काही बायकांना नवऱ्यानं हात-पाय हलवलेले बघवत नाहीत.

२२ नोव्हेंबर

गाडी कुपवाडला पोचवून आठवडा झाला. रोज अकराला जाते, दोनला परत येते. पेट्रोलची टाकी काढली. आतून अशी गंजलीय की हलवली की वाळूसारखी खळखळ. नानासो म्हणाले, "पोटात गंज हाय, वर कितीबी औषध द्या." टाकीत बारीक खडी आणि रॉकेल घालून लेथवरच्या दोघांनी ती पाळण्यासारखी झुलवली. तासाभरानं जे बाहेर आलं त्याला तांबडी माती म्हणावं.

माणूस तऱ्हेवाईक आहे. मागून हाक मारली तर ओ देत नाही. फोन कधी स्वतः उचलत नाही, बयाबाईच उचलते. आणि आपण बोलताना एकटक तोंडाकडं बघतात. मला पहिले दोन-तीन दिवस संकोच वाटला. पदर सावरून पाहिला. मग लक्षात आलं, नजर वाईट नाही. जुन्या कारागिरांची लकब असावी.

३ डिसेंबर, मंगळवार

ब्रेक. चारही चाकांचे सिलिंडर गंजून जाम झालेले, पेडल दाबलं की पाय विहिरीत गेल्यासारखा. आज मी आत बसून पेडल दाबायचं आणि नानासोंनी चाकाशी ब्रेकच्या तेलातली हवा काढायची, असं चाललं होतं. त्यांचा नियम: बोलायचं नाही. हात वर केला की दाबायचं, मूठ केली की धरून ठेवायचं, हात खाली की सोडायचं. मी एकदा सवयीनं "सोडू का?" म्हणून ओरडले, तर उत्तरच नाही. धरून राहिले. पोटरीला गोळा आला.

बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात मीही इतकी शिस्त लावू शकले नाही.

११ डिसेंबर

इंजिन चालू झालं!

पहिल्यांदा खोकलं, निळा धूर काढला, बंद पडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा नानासोंनी कार्बोरेटरचं तोंड थोडा वेळ तळहातानं बंद केलं, मला स्टार्टर मारायला सांगितलं, आणि इंजिनानं धरलं. लेथवाले काम थांबवून आले. बयाबाईनं नारळ आणून ठेवला होता, म्हणजे तिलाही आशा होती.

मी डोळे मिटून ऐकलं. आण्णांच्या गाडीचा आवाज नव्हता. जवळचाही नव्हता. पण इंजिन वीस वर्षं झोपलेलं. माणसाचा आवाजही सकाळी बसलेला असतो.

मग नानासोंनी मला बॉनेटपाशी उभं केलं. स्वतः एक हात इंजिनवर ठेवला. "बाई, आवाज सांगा."

"म्हणजे?"

"कसला येतोय? तुमी मराठीच्या बाई न्हवं? मंग नीट शब्दात सांगा. नुसता आवाज येतोय म्हनून उपेग न्हाई."

मला हे फार आवडलं. ही खरी शिकवण्याची पद्धत. आपल्याला येत असलेलं उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडून काढायचं. मी सांगितलं: पंख्याची भरभर, पट्ट्याची बारीक चीं-चीं, सायलेन्सरची फुसफुस, आणि मध्येच एक टकटक.

"टकटक?" त्यांनी माझ्या ओठांकडं बघून पुन्हा विचारलं.

"टकटक," मी म्हटलं.

"टॅपेट. वरच्या झडपांचा खटका सैल झालाय," ते म्हणाले, आणि समाधानानं हात पुसले.

२० डिसेंबर

टॅपेट दोनदा बसवून झाले. टकटक जात नाही. आज गाडी बुधगावच्या बाजूला चार किलोमीटर नेली. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असतो, माझा हात आपोआप तिकडं गेला. कसा गेला? आण्णांनी मला चालवायला कधी दिली नव्हती. मी फक्त शेजारी बसून त्यांचा हात बघितला होता. गिअर पडला तेव्हा मी मोठ्यानं हसले. शेजारी नानासो, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

परत येताना टकटक वाढली होती. त्यांना म्हटलं, जास्त येतेय. ते समोर रस्त्याकडं बघत राहिले.

२९ डिसेंबर, रविवार

आज मी चुकले का बरोबर होते ते कळत नाही, पण जे झालं ते लिहिते.

तिसऱ्यांदा टॅपेट. पुन्हा तेच. आता तर शेडच्या दारातूनही खणखणीत ऐकू येतं. मी म्हटलं, अहो नानासो, दुसरं काही असेल. ते पाठमोरे वाकून पान्हे आवरत होते. उत्तर नाही. मी पुन्हा म्हटलं. नाही. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही, वय झालंय, आण्णांचं नाव सांगून माझा महिना फुकट घालवलात, देव म्हणे, कसले देव. आणखीही बोलले. एखाद्या पोराला बोलले असते तर पोर रडलं असतं.

ते शांतपणे पान्हे पुसून पेटीत ठेवत राहिले. एक एक करून, आकाराप्रमाणे. मग वळले आणि म्हणाले, "उद्या सकाळच्या गार इंजिनावर परत बगू."

किती निगरगट्ट माणूस!

बयाबाई दारात डबा घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डबा खाली ठेवला.

२ जानेवारी २०२५

मिरज रस्त्यावरच्या मल्हारकडं गेले. तिशीतला, नीटस, संगणक लावून गाड्या तपासणारा. म्हटलं, येऊन फक्त एकदा ऐक. सकाळी लवकर, नानासो यायच्या आधी त्याला शेडमध्ये नेलं. लेथवाल्यांच्या समोर हे करताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

मी इंजिन चालू केलं. त्यानं पुरते दहा सेकंदही ऐकलं नाही. "मॅडम, बंद करा, बंद करा!"

"टॅपेट नाही?"

"टॅपेट वर असतं, बारीक वाजतं. टक, टक. हे खालून येतंय. ठक, ठक. खालचं बेअरिंग गेलंय. अजून आठ दिवस चालवली असती तर आतला रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला असता." मग तो जरा थांबला. "पण हे नानासोंना कसं कळलं नाही? ते लांबून ओळखतात म्हणे."

लेथवरचा माणूस मान खाली घालून म्हणाला, "त्यास्नी ऐकू येत न्हाई आता. तीन वर्सं झाली. आमाला म्हाईत हाय, पर बोलायचं न्हाई असं ठरलंय."

मी घरी आले. आंघोळ केली, जेवले नाही. मागून हाक. फोन. ओठांकडं बघणं. ब्रेकच्या वेळी हाताच्या खुणा. आवाज सांगा बाई, नीट शब्दात सांगा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी ते ह्या वहीत लिहूनही ठेवलं, आणि मला दिसलं नाही. मला वाटलं, ते मला शिकवतायत.

आणि ते माझ्या कानांवर भरवसा ठेवून इंजिन जुळवत होते. मी 'टक' म्हटलं. 'ठक' म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी त्यांनी खालचं उघडलं असतं. बत्तीस वर्षं मी पोरांना 'आमी' नव्हे 'आम्ही', 'तुमी' नव्हे 'तुम्ही' म्हणून वहीत लाल रेघा मारल्या. आणि मला स्वतःला ट आणि ठ मधला फरक ऐकू आला नाही.

५ जानेवारी, रविवार

कुपवाडला गेले. नानासो घराच्या अंगणात ऊन खात बसले होते. बयाबाई चुलीपाशी. आधी तिच्याकडं गेले.

"बयाबाई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"मी ऐकलं," ती म्हणाली. "त्यास्नी सांगितलं न्हाई. काय म्हनाल्या बाई, असं इचारलं त्यांनी. म्या म्हनलं, उद्या येतो म्हनाल्या."

मी तिच्यासमोर खाली बसले. ती भाकरी थापत बोलत राहिली, माझ्याकडं न बघता. "लोकास्नी कळलं तर कोन येनार हाय दारात? म्हनून आपनच काम सोडलं म्हनून सांगितलं. वयामुळं सोडलं म्हनलं की मान ऱ्हातो. तुमची गाडी आली तवा म्या आडवलं, पर म्हनाले, ह्या गाडीचा आवाज मला पाठ हाय, हिला कान लागत न्हाईत."

मग मी वहीचं पान फाडून लिहिलं: 'आवाज टक नाही, ठक आहे. खालून येतो. माझं चुकलं.' नेऊन त्यांच्या हातात दिलं.

चौथीपर्यंत शिकलेला माणूस. एक एक अक्षर लावून वाचलं. पहिली ओळ वाचताना डोळे चमकले, बेअरिंग कळलं त्यांना, मी पाहिलं. आणि मग कळलं, की हे कागदावर का लिहून दिलंय.

"कुनी सांगितलं?"

मी वही मिटली.

"गाडी घिऊन जावा," ते म्हणाले. "उद्याच्या उद्या." आणि आत गेले. बयाबाईची भाकरी तव्यावर करपली, आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

९ जानेवारी

चार दिवस कुपवाडला गेले नाही. मल्हारला विचारलं, तो म्हणाला, करून देतो, पण इंजिन पूर्ण खाली उतरवावं लागेल, महिना जाईल. गाडी न्यायला टेम्पो सांगितला.

आज टेम्पो घेऊन शेडमध्ये गेले. नानासो बाकड्यावर, तोंड भिंतीकडं. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, सावकाश, ओठ नीट हलवून म्हटलं, "मल्हार इंजिन खाली उतरवणार म्हणतो."

त्यांनी वर बघितलं. "काय करनार?"

"इंजिन उतरवणार. पूर्ण."

"कशापायी?" ते ताडकन उठले. "खालचं तेलाचं भांडं सोडलं की बेरिंग हातात येतं! पाठीवर पडून करायचं काम हाय. इंजिन उतरवायला काय झालंय? कुटं हाय त्यो?"

टेम्पोवाल्याला मी हातानंच जा म्हणून खूण केली.

मग त्यांनी मला बॉनेटपाशी उभं केलं, पूर्वीसारखंच, पण ह्या वेळी आम्हा दोघांनाही माहीत होतं की मी तिथं का उभी आहे. इंजिन चालू केलं. ते एकेका प्लगची टोपी काढत आणि माझ्याकडं बघत. पहिली: ठकठक तशीच. मान हलवली. दुसरी: तशीच. तिसरी काढली आणि आवाज एकदम पडला, जणू कुणी उशी घातली. मी दोन्ही हात वर केले.

"तीन लंबर," ते म्हणाले. आणि कितीतरी दिवसांनी हसले.

मी वहीत लिहून दाखवलं: 'मी त्या दिवशी तुमच्या पाठीमागं फार वाईट बोलले. क्षमा करा.'

त्यांनी वाचलं, वही परत दिली. "मागनं बोललेलं मला लागत न्हाई, बाई. तेवढा एक फायदा हाय."

२१ जानेवारी

बेअरिंगच्या नव्या वाट्या मल्हारनं कोल्हापुरातून एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून शोधून आणल्या. जुन्या काढल्या तेव्हा तिसऱ्या नंबरची वाटी तांब्यापर्यंत झिजलेली. मात्र आतला दांडा वाचला होता. नानासो दोन दिवस पाठीवर पडून होते. मल्हार शेजारी पालथा पडून बघत होता, आणि मध्ये मी बाहेरून वाकून, एकाचं दुसऱ्याला मोठ्या अक्षरात लिहून देत. मल्हारनं विचारलेले प्रश्न मी लिहायचे, उत्तरं नानासो बोलायचे, मल्हार ती मोबाइलमध्ये भरून घ्यायचा.

आज इंजिन चालू केलं. ठक गेली. शिवणयंत्रासारखं चालतं. कुजलेला सायलेन्सरही बदलला. नानासोंनी तळहात आधी इंजिनावर, मग दारावर, मग स्टिअरिंगवर ठेवून पाहिलं. "झालं," म्हणाले.

मी मात्र अजून कान लावून उभी होते. त्यांनी ओळखलं. "काय झालं?"

मी लिहिलं: 'आण्णांच्या गाडीसारखा वाजत नाही. फार हळू आहे.'

वाचून ते मोठ्यानं हसले, इतके की लेथवाले बघायला लागले. "कसा वाजंल? वकीलसाहेबांचा सायलेन्सर फुटका हुता. गॅरेजच्या मालकांनी धा वेळा सांगितलं, साहेब, बदलू या, पोलीस धरंल. तर म्हनायचे, न्हाई, ऱ्हाऊ द्या. घरात कळतं मी आलो म्हनून. न्हाईतर बायको दारात येऊन उभी ऱ्हाती, तिला गुडघ्यानं हुबं ऱ्हावत न्हाई."

अव्वाच्या गुडघ्याचं मला माहीत होतं. ती बसूनच वाट बघायची हेही. इतकी वर्षं मी ज्या आवाजाची आठवण काढत होते, तो बिघाड होता. मुद्दाम ठेवलेला.

नानासो म्हणाले, "पायजे असंल तर भोक पाडून देतो. दोन मिंटांचं काम हाय."

मी विचार केला. खरंच केला. घरी आता आवाज ऐकून पान वाढणारं कुणी नाही. आणि गल्लीत रेश्माचं तान्हं बाळ दुपारी झोपतं. मी नको म्हटलं.

घरी येताना काच खाली करून चालवली. टिळक चौकात वळले. गाडी जवळजवळ आवाज न करता आत शिरली. मी बराच वेळ आत बसून राहिले. वाईट वाटत नव्हतं. आण्णांबद्दल एक नवीन गोष्ट कळली, त्यांना जाऊन एकेचाळीस वर्षं झाल्यावर. असं कितींना मिळतं?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून परत येताना कुपवाडला गेले. बयाबाईच्या फोनवर साताऱ्याहून त्यांची मुलगी शिवांजली बोलत होती. ती तिथं नर्स आहे. तीन वर्षं सांगतेय, आबा, एकदा कान तपासायला या, नात्यातलेच एक तज्ज्ञ आहेत. नानासो जात नाहीत. कानात यंत्र घातलेला मेकॅनिक म्हणजे चष्मा लावलेला नेमबाज, असं त्यांचं म्हणणं.

मी वहीत लिहिलं: 'गाडीची लांबची चाचणी घ्यायची आहे. सातारा. मी एकटी नेणार नाही. शेजारी कोण बसणार?'

त्यांनी वाचलं. बायकोकडं बघितलं. तिनं झटकन पाठ वळवून भांडी घासायला घेतली, म्हणजे चेहरा दिसू नये.

"वाटंत बंद पडली तर मीच लागनार," ते म्हणाले. "तेवढ्यापुरता येतो. कानाचं मी काय कबूल केलेलं न्हाई."

८ फेब्रुवारी, शनिवार

सातारा. शिवांजलीच्या घरी बसून लिहितेय.

सकाळी साडेसहाला निघालो. मी चालवायला, शेजारी नानासो, मागं बयाबाई, मांडीवर डबा आणि पायाशी पाण्याचे दोन कॅन. पलूस, ताकारी, कराड. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं वीसच्या वेगानं. पोरं हात करत होती. एका मोटारसायकलवाल्यानं आम्हाला कराडपर्यंत सोबत केली आणि वळताना सलाम ठोकला.

उंब्रजच्या पुढं, ऊन चढल्यावर, गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. महामार्गावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. वाटलं, एवढं सगळं करून इथंच. नानासोंनी शांतपणे उलटं दार उघडलं, बॉनेट वर केलं, पेट्रोलच्या पंपाला हात लावून चटकन मागं घेतला. "तापलाय. पेट्रोलची वाफ झाली." बयाबाईनं न सांगता डब्याचं फडकं सोडून, भिजवून पुढं केलं. म्हणजे हे तिनं आयुष्यात किती वेळा केलं असेल! ते पंपाभोवती गुंडाळलं, दहा मिनिटं सावलीत बसलो, गूळ-शेंगदाणे खाल्ले, आणि गाडी पुन्हा सुरू झाली. पुढं साताऱ्यापर्यंत एकदाही अडली नाही.

साडेअकराला शिवांजलीच्या दारात. ती रस्त्यावर येऊन उभी होती. तिनं थेट बापाचा हात धरला आणि दवाखान्यात न्यायला रिक्षात बसवलं. गाडीनं नेते म्हटलं असतं तर ते बॉनेट उघडून उभे राहिले असते. लेकीला बाप बरोबर ठाऊक.

तपासणी तासभर चालली. काचेच्या खोलीत नानासो, कानाला डबडी लावून, आवाज आला की बटण दाबायचं. आम्ही तिघी बाहेर. कितीतरी वेळ ते बटण दाबतच नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर भाव काही नाही, पण तळहात टेबलावर सपाट पसरलेला, बॉनेटवर ठेवतात तसा. बयाबाईला ते बघवेना. ती उठून जिन्यात जाऊन बसली.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं पूर्ण परत येणार नाही. वर्षानुवर्षं पत्रा ठोकल्याचा परिणाम. पण यंत्रानं बरंच ऐकू येईल. एक यंत्र आताच लावून बघू.

लावलं. चालू केलं. नानासो एकदम दचकले, खुर्चीचे हात घट्ट धरले. पंख्याकडं बघितलं, मग खिडकीकडं, बाहेर रिक्षा गेली तिकडं. "लय कचाकचा वाजतंय सगळं," म्हणाले. "पत्र्याच्या डब्यात खडी टाकल्यागत." मला वाटलं, आता काढून टाकतात.

शिवांजलीनं आईला जिन्यातून बोलावून आणलं. बयाबाई दारात उभी राहिली. तीन वर्षं ती त्यांच्याशी खुणांनी बोलायची किंवा ओरडायची. आता काय बोलावं, किती मोठ्यानं, तिला कळेना. शेवटी साध्या आवाजात म्हणाली, "आवं, ऐकू येतंय का?"

नानासो तिच्याकडं वळले. ओठांकडं नाही, डोळ्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "तुजा आवाज म्हातारा झाला गं."

"तुमी ऐकत न्हवता, तवाच झाला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी यंत्राचा आवाज कमी-जास्त करायचं कसं ते दाखवायला हात पुढं केला. नानासोंनी तो बाजूला सारला.

"थांबा," ते म्हणाले. "बोलू द्या तिला."